उसनी लाइफ

दिवाळीला दुधनीला निघाले, तेव्हा सॅकमध्ये कपडे कमी आणि पीएस फाइव्ह जास्त होता. दोन टॉवेलांत गुंडाळलेला. पुणे ते सोलापूर आणि तिथून वाडी लाइनची गाडी, अख्ख्या प्रवासात मी तो तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन बसले. अडतीच्या दुकानातून दादाला ओढून आणायचं, टीव्हीसमोर बसवायचं आणि गेमिंग कुठल्या कुठे गेलंय ते दाखवायचं, असा फुल टू प्लॅन!

घरी पोचले तर आईने माळा आवरताना आमचा जुना टीव्ही गेम खाली काढलेला. आठवतोय ना? पिवळी कॅसेट, वर दिमाखात '९९९९९९ इन १' आणि आत मोजून वीसेक गेम, बाकी सगळे तेच ते. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये आला १९८३ ला. आमच्या गावात २००५ च्या सुमारास पोचली ती त्याची बिननावाची नक्कल.

मग काय, आधी जुनं!

सुपर मारिओ (१९८५): अख्खा गेम ४० केबीचा. व्हॉट्सअॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोही याहून जड असतो. जागा वाचवायला ढग आणि झुडूप यांचं चित्र एकच ठेवलंय, फक्त रंग वेगळा. डोकं विसरलं होतं, पण अंगठ्याला सगळ्या उड्या पाठ होत्या. निकाल: आजही टकाटक.

डक हंट (१९८४): आमच्या नव्या एलईडीवर एक बदक पडेल तर शपथ. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. तो उजेड गनमधल्या सेन्सरने टिपला की बदक खलास. हे सगळं टायमिंग पिक्चर ट्यूबसाठी बसवलेलं. एलईडीवर चित्र किंचित उशिरा येतं आणि नेम हुकतो. निकाल: डबडा टीव्ही भंगारात दिला असेल तर गनही देऊन टाका.

आता जरा नवं. 'राजी' (२०२०) आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला बहीण निघते, हातात दुर्गेचं त्रिशूळ. गेम अवॉर्ड्समध्ये त्या वर्षी पदार्पणाच्या विभागात नॉमिनेशन मिळालेलं. महालांचं नक्षीकाम तर असं की मी लढायचं सोडून बघतच बसते. दादा दहा मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, "भारीच आहे की. पण मी काय करू?"

अरेच्चा! हा एकट्याने खेळायचा गेम. मी खेळणार, तो बघणार.

मग 'इट टेक्स टू' (२०२१) लावला. तो दोघांशिवाय चालतच नाही. पण एवढी बटणं बघून दादा गांगरला, त्यात दुकानातून सोयाबीनच्या गाडीसाठी फोन. परत आला आणि म्हणाला, "जुनं लाव की गं. कॉन्ट्रा."

कॉन्ट्रा घरगुती कन्सोलवर आला १९८८ ला. वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, बी, ए, की तीस लाइफ. हा कोड मुळात कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या 'ग्रॅडियस'साठी केला होता, कारण तो गेम त्यांना स्वतःलाच जमत नव्हता! आमचा शत्रू मात्र वेगळाच, भारनियमन. कॉन्ट्रात सेव्ह नाही. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या लाइफ आधी संपायच्या. मग मी ए दाबून दादाच्या घ्यायचे. तो काही बोलायचा नाही.

धबधब्याची लेव्हल आली. इथे जो वर चढतो त्याच्यामागे पडदा सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. लहानपणी मी सुसाट सुटायचे. खालून आवाज यायचा, "हळू चढ की गं, मी खाली आहे." मी कधी वळून बघितलं नाही. बारावीनंतर तो बाबांसोबत दुकानात बसला आणि मी मास कॉमला पुण्याला गेले. फीचे पैसे त्याच दुकानातून यायचे.

यावेळी मी खालच्याच दगडावर थांबले.

"चढ की, थांबलीस का?"

"आधी तू."

एवढ्यात गोळी लागली, दोघंही गेलो. दादाची सवय मोडलेली, पुढच्या लेव्हलला त्याच्या लाइफ संपल्या. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गुपचूप ए दाबला आणि माझी एक उचलली. पहिल्यांदाच!

मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

तर मंडळी, फायनल निकाल. ग्राफिक्ससाठी 'राजी' घ्या, पैसा वसूल. जुना डबा माळ्यावर सापडला तर फेकू नका, पण दुसरा रिमोट कुणाच्या हातात द्यायचा ते आधी ठरवा. माझा दुधनीतच आहे. पीएस फाइव्ह परत आला, तो डबा मात्र आम्ही टीव्हीखालीच ठेवलाय.