फाइल बोलली पाहिजे

लोअर परळला गिरण्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या आल्या आणि इथलं काम पडद्यावर गेलं. अंध कारकुनाला हे खरं तर सोयीचंच. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं ‘एनव्हीडीए’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं.

पण साहेबांच्या सहीचं स्कॅन केलेलं परिपत्रक या सॉफ्टवेअरच्या लेखी नुसतं छायाचित्र. युनिकोडपूर्व फॉन्टमधली मराठी टिपणी तर निरर्थक अक्षरं होऊन कानावर आदळते. तीच युनिकोडमध्ये टंकली, तर सरळ ऐकू येते. खर्च शून्य, सवय मात्र बदलावी लागते; आणि कचेरीत सवयीइतकं चिवट काही नसतं.

नेमणुकीतही जुनी सवय आडवी येते. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकलेल्या प्रांजल पाटील यांना आधी मिळालेली रेल्वेची लेखासेवा दृष्टीचं कारण देऊन नाकारली गेली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४वा क्रमांक मिळवला आणि त्या आयएएस झाल्या. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा सरकारी नोकऱ्यांत अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी किमान एक टक्का जागा राखतो. खासगी कचेऱ्यांच्या मुलाखतींत मात्र “लोकलने कसे याल?” हाच प्रश्न अजून आधी येतो. त्याऐवजी उमेदवारापुढे एक्सेलचा तक्ता ठेवावा आणि बेरीज मागावी.