जुनी विजेची गाडी : आधी काय संपते, हप्ता की हमी?



दोंडाईच्यात घर आणि धुळ्यात दुकान अथवा नोकरी, अशी आपल्या अनेक कुटुंबांतील तरुणांची स्थिती आहे. जाऊन-येऊन सुमारे १२० किलोमीटरचा हा प्रवास पेट्रोलवर महाग पडतो. नवी विजेची गाडी आवाक्याबाहेर वाटते, म्हणून चार-पाच वर्षे वापरलेली घ्यावी, असा विचार पुढे येतो. विचार योग्य आहे. मात्र येथे इंजिन नव्हे, बॅटरी हेच मूळ भांडवल असून ते दरवर्षी थोडे थोडे घटते, हे ध्यानी ठेवावे.

प्रथम पल्ल्याचा हिशेब करू. गोदामातील मालाच्या पूर्ण किमतीवर बँक पैसे देत नाही. मार्जिन वजा करून ड्रॉइंग पॉवर काढते, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. गाडीचेही तसेच आहे. २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची आणि प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. हा आकडा चाचणीतला. वापराने दहा टक्के क्षमता घटली असे धरल्यास २७ युनिटे उरतात. अडीअडचणीसाठी वीस टक्के राखून ठेवल्यास हाती साडेएकवीस युनिटे येतात. वैशाखात, वातानुकूलन चालू ठेवून, युनिटामागे सहा किलोमीटर धरले तर पल्ला १३० किलोमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे काम भागते, पण वाट वाकडी करून एखाद्या गावी वसुलीस जाण्याइतकी शिल्लक राहत नाही. २४ युनिटांची टियागो ईव्ही युनिटामागे सात किलोमीटर गेली तरी १२० च्या काठावरच थांबते. नंदुरबारला जाणाऱ्यास मात्र ती पुरेशी आहे.

खानदेशातील उन्हाळा हा दुसरा मुद्दा. २०१२ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना या तप्त राज्यात निसान लीफच्या मालकांनी बॅटरीची क्षमता झपाट्याने घटल्याच्या तक्रारी केल्या होत्या. त्या गाडीत बॅटरी द्रवाने थंड राखण्याची सोय नव्हती. आपण गाडी घेताना ही सोय आहे ना, हे अवश्य विचारावे.

आता बचत पाहू. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या गाडीस रोज आठ लिटर पेट्रोल लागते. १०५ रुपये दराने ८४० रुपये होतात. विजेच्या गाडीस चार्जिंगमधील घट धरून बावीस युनिटे लागतील. युनिटाला १५ रुपये धरले तरी ३३० रुपये. महिन्याच्या पंचवीस फेऱ्यांत पावणेतेरा हजारांचा फरक पडतो. मात्र घरच्या मीटरवर महिना साडेपाचशे युनिटांची भर पडून बिल वरच्या टप्प्यात जाते, म्हणून दर आपल्याच बिलावरून काढावा. मंजूर भार आणि अर्थिंगही आधी तपासून घ्यावे.

बचतीच्या या आकड्यावर भाळून पाच वर्षांचे कर्ज काढण्यापूर्वी हमीपत्र वाचावे. या गाड्यांच्या बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर असते. समजा गाडी ६०,००० किलोमीटर चाललेली आहे. उरले एक लाख. महिन्याला ३,००० किलोमीटर चालणाऱ्या माणसाचे ते तेहेतीस महिन्यांत संपतात. वर्षे शिल्लक असली तरी हमी संपलेली असते. साठ हप्त्यांचे कर्ज असेल, तर पुढचे सत्तावीस हप्ते बॅटरीची सारी जोखीम आपल्या शिरावर राहते. म्हणून हप्त्यांची मुदत हमीच्या उरलेल्या मुदतीत बसवावी. ती बसत नसेल तर कमी चाललेली गाडी शोधावी किंवा भाव उतरवून घ्यावा. दुसऱ्या मालकास हमी कोणत्या अटींवर लागू होते, हेही कंपनीकडून लेखी घ्यावे.

मिरचीचा जाणता खरेदीदार पोत्याच्या तोंडावरचा माल पाहून भाव ठरवीत नाही. हात खोल घालतो. येथेही कंपनीच्या सेवा केंद्रातून बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल मागावा. पूर्ण चार्ज करून, भर दुपारी, वातानुकूलन लावून धुळ्याची एक फेरी करून पाहावी. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असल्यास गाडी टॅक्सी म्हणून नोंदलेली आहे. खासगी गाडीची अक्षरे पांढरी असतात. जलद चार्जिंगचे तोंड सध्या प्रचलित सीसीएस-२ प्रकारचे आहे का, तेही पाहावे.

कागदपत्रांत बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला प्रथम पाहावा. नोंदणी हस्तांतरित झाल्यावर चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावे करण्यासाठी अर्ज द्यावा. जीएसटी परिषदेच्या डिसेंबर २०२४ मधील निर्णयानुसार नोंदणीकृत विक्रेत्यास जुन्या विजेच्या गाडीवरील नफ्याच्या रकमेवर १८ टक्के कर आहे. दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहारास तो लागत नाही. भाव ठरविताना हा फरक लक्षात घ्यावा.

गाडीचा रंग आणि आसने घरच्यांनी खुशाल पसंत करावीत. कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्याने मात्र प्रथम दोन आकडे शेजारी-शेजारी लिहावेत : उरलेले हप्ते आणि उरलेली हमी.