आधीं निदान, मग उपाय

आमच्या घरीं एक जुनी पद्मिनी मोटार आहे. कुर्ल्याच्या कारखान्यांतून या जातीच्या गाड्या बाहेर पडणें केव्हांच थांबलें, आणि इ. स. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सींतूनहि त्यांनीं निरोप घेतला. आमची गाडी मात्र अद्याप चालते. आणि तिनें आम्हांस जो धडा शिकविला तो विद्यार्थी व पालक या उभयतांच्या उपयोगीं पडेल, असें वाटल्यावरून तो येथें सादर करीत आहों.

एका मे महिन्यांत पुण्यास जातांना खोपोली मागें टाकून आम्ही बोरघाट चढूं लागलों. शिंगरोबाचें देऊळ येण्यापूर्वींच उष्णतामापकाचा कांटा तांबड्या रेषेस भिडला व बॉनेटखालून वाफ येऊं लागली. गाडी कडेस घेतली खरी, पण घाईघाईनें आम्ही रेडिएटरचें झांकण उघडावयास गेलों. तापलेल्या रेडिएटरमधील पाणी दाबाखालीं असतें. झांकण सैल होतांच तें उसळून बाहेर आलें. हातांत जाड फडकें होतें म्हणून मनगटावरच निभावलें. त्या भाजण्याचा डाग अजून आहे. गाडी थंड होण्यापूर्वीं झांकणास हात लावूं नये, व तापलेल्या एंजिनांत गार पाणी एकदम ओतूं नये, कारण त्यानें लोखंडास तडा जाऊं शकतो, हें ज्ञान आम्हांस पूर्वींच होतें. घाईपुढें त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं.

पुढें जें झालें तें याहून लाजिरवाणें. एका कारागिरानें थर्मोस्टॅट काढून टाकला. दुसऱ्यानें रेडिएटर बदलला. पैसे गेले, पण दादरच्या गर्दींत गाडी पूर्वींप्रमाणेंच तापे. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशी ही स्थिति! दोष केवळ कारागिरांचा नव्हे. “गाडी तापते” यापलीकडे आम्हींच त्यांस कांहीं सांगितलें नव्हतें.

अखेर आम्ही एक वही घेऊन बसलों, आणि गाडी केव्हां तापते व केव्हां तापत नाहीं हें आठवडाभर टिपून ठेविलें. मोकळ्या सपाट रस्त्यावर कांटा स्थिर राही. गर्दींत व चढणीवर तो वर जाई. आणि तो वर जाई तेव्हां बॅटरीचा तांबडा दिवाहि लुकलुके. हा दिवा आम्हीं घाटांतहि पाहिला होता, पण त्याचा तापण्याशीं संबंध काय, असें म्हणून सोडून दिला होता. संबंध होता. पंखा, पाण्याचा पंप आणि वीज उत्पन्न करणारें यंत्र हीं तिन्ही एकाच पट्ट्यानें फिरतात. पट्टा गुळगुळीत व सैल होऊन घसरत होता. सपाटीवर एंजिनावर ओझें थोडें, आणि धांवत्या गाडीस लागणारा वारा पंख्याची उणीव भरून काढी. घाटांत व गर्दींत तो आधार नाहींसा होई. नवा पट्टा चढविण्यास अर्धा तासहि लागला नाहीं. थर्मोस्टॅटहि परत बसविला, कारण तो नसला तर एंजिन लवकर गरम होत नाहीं, पेट्रोल अधिक जळतें व झीजहि वाढते.

म्हणून आमचें मत असें कीं, गाडी तापली असतां पहिला प्रश्न “काय बदलावें?” हा नसून “केव्हां तापते?” हा असावा. उभी असतांना तापत असेल तर पंखा व पट्टा पाहावा. वेगांत व चढणीवर तापत असेल तर रेडिएटरच्या नळ्यांत सांचलेला क्षार, अथवा पंप पाहावा. सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत तापत असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेंत अडकल्याचा संशय घ्यावा. बाहेर गळती नसतां पाणी घटत असेल, तेल दुधासारखें दिसत असेल किंवा पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट फुटलें असण्याचा संभव फार. अशा वेळीं गाडी पुढें हांकूं नये. आणि कांटा तांबड्यावर असूनहि वाफ नाहीं, नळीहि फारशी गरम नाहीं, तर कदाचित् कांटाच खोटें बोलत असेल!

कोणी म्हणतील कीं जुन्या गाडीचा तापणें हा स्वभावच आहे. आम्हांस हें मान्य नाहीं. ह्याच जातीच्या गाड्या कित्येक वर्षें हाच घाट चढत आल्या. “स्वभाव” म्हणणें म्हणजे कारण शोधण्याचा कंटाळा झांकणें होय.

पालकांनीं हीच दृष्टि घरींहि ठेवावी. मुलगा गणितांत मागें पडला कीं एक शिकवणी, तीहि निष्फळ झाली कीं दुसरी, आणि शेवटीं “त्यास गणित येतच नाहीं” हा निकाल! तो चुकतो तो उदाहरण वाचतांना, आंकडे मांडतांना, कीं केवळ वेळ संपत आला म्हणजे, हें किती जण पाहतात? विद्यार्थ्यांनींहि आपल्या चुकांची वही आठवडाभर ठेवून पाहावी. आमची वही अद्याप गाडीच्या खणांत आहे, आणि घाट चढण्यापूर्वीं पट्ट्यावर आंगठा दाबून पाहिल्यावांचून आम्ही आतां पुढें जात नाहीं.