वादकाच्या पायाशी किती यंत्रे असावीत?

वार्षिकांकात लिहायचे म्हणजे देशापुढील एखाद्या गहन समस्येवर लिहावे, अशी आपल्याकडे प्रथाच आहे. माझा विषय ऐकून मात्र काही मित्रांना हसू येईल. बेंजो वाजवणाऱ्याने आवाज सजवणारी यंत्रे एक-दोनच ठेवावीत, की पायाशी त्यांची रांग मांडावी, हा तो विषय! परंतु लग्नसराईत बेंजो वाजवून ज्याची फी आणि पुस्तके निघतात, त्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. यंदा आमच्या पार्टीतील काही सोबत्यांचे म्हणणे असे की, साऱ्या हंगामाची कमाई एकत्र करून पेडलांचा मोठा संच घ्यावा. माझे मत त्याविरुद्ध आहे.

प्रथम वाद्याविषयी थोडेसे. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते वास्तविक बुलबुल तरंग. जपानमध्ये नागोया येथे १९१२ साली गोरो मोरिता यांनी तैशोगोतो नावाचे वाद्य तयार केले, त्याचेच हे भारतीय भावंड. एका हाताने कळा दाबायच्या, दुसऱ्याने तारा छेडायच्या. याचा मूळ आवाज एका खोलीपुरता. ढोल-ताशाच्या शेजारी तो ऐकू यावा म्हणून त्याला पिकअप बसला, आणि मग गिटारवाल्यांची सारी यंत्रे त्याला जोडता येऊ लागली. जपानच्या बॉस कंपनीने १९७७ साली पायाने दाबायची छोटी पेडले काढली. एका पेडलाचे काम एकच. १९८८ साली त्याच कंपनीचे 'एम. ई. ५' आले आणि अनेक कामे एका खोक्यात मावली. आजचा प्रोसेसर हा त्याच वंशातला.

आता वरातीत काय होते ते पाहा. पाच पेडले ओळीने जोडायची तर बेंजोपासून स्पीकरपर्यंत सहा केबली लागतात. म्हणजे बारा टोके. शिवाय प्रत्येक पेडलाचा वीजपुरवठा वेगळा. गाडी खड्ड्यातून गेली आणि बारांतले एक टोक सैल झाले की सारा बेंजो मुका! नाचणारे थांबून आपल्याकडे पाहतात, आणि आपण अंधारात कोणते टोक निसटले ते चाचपत बसतो. डिस्टॉर्शनचे पेडल सुरांबरोबर जनरेटरची घरघरही मोठी करते. त्यातच रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम २००० सालापासून आहे. वरात निघायलाच नऊ वाजले, तर उरलेल्या तासातली पंधरा मिनिटे जोडाजोडीत घालवणे कोणत्या यजमानाला रुचेल?

दुसरी अडचण तालाची. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. त्या हिशेबाने 'डिले' लावला की प्रतिध्वनी नेमका मात्रेवर पडतो आणि कानाला गोड लागतो. परंतु वरातीची लय एका जागी राहत नाही. पोरे रंगात आली की ती १५०वर जाते; मात्रा ०.४ सेकंदाची होते आणि प्रतिध्वनी सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने मागे रेंगाळतो. मग सुरावर सूर चढून नुसता कालवा होतो. जागेचेही तसेच. मोकळ्या मैदानात आवाज परतून येत नाही, तेथे थोडा 'रिव्हर्ब' शोभतो. पत्र्याच्या मंगल कार्यालयात आवाज आधीच घुमत असतो. तेथे तो बंद ठेवलेलाच बरा.

शिवाय बेंजो गातो ती ओळखीची गाणी. आपल्याच जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डकांची गीते १४ एप्रिलच्या मिरवणुकीत बेंजोवर वाजतात, तेव्हा ऐकणारा मनातल्या मनात शब्द म्हणत असतो. सुरावट स्पष्ट असेल तरच ते शब्द त्याला सापडतात. यंत्रांच्या गर्दीत चाल बुजली, तर त्याचे गाणे आपण हिरावून घेतले असे मी समजतो.

याचा अर्थ मी साधेपणाची आरती ओवाळतो आहे, असे कोणी समजू नये. साधेपणाचा उपदेश ऐकण्याची आमच्यासारख्यांना लहानपणापासून सवय आहे, आणि तो बहुधा ज्यांच्या घरात सारे काही असते त्यांच्याकडूनच येतो! "यंत्राने कला मरते" हे म्हणणे मला मान्य नाही. पिकअप हेही यंत्रच. ते नसते तर मिरवणुकीत बेंजो कोणाच्या कानी पडला असता? ऑस्ट्रेलियातील 'ए. सी. डी. सी.'चा अँगस यंग पायाशी पेडलांची रांग न मांडता जगभरची मैदाने गाजवतो, हे खरे. परंतु आयर्लंडच्या 'यू टू'मधील एज या गिटारवादकाची शैलीच मुळी प्रतिध्वनीवर उभी आहे. त्याच्यापुढची यंत्रे काढून घ्या, त्याचे संगीतच बदलेल. तेव्हा किती यंत्रे हवीत, हे आपण काय वाजवतो आणि कोठे वाजवतो यावर ठरावे.

आणखी एक गोष्ट सोबत्यांच्या ध्यानात आणून द्यावीशी वाटते. एकेक पेडल घेऊन संच उभारण्यापेक्षा लहानसा प्रोसेसर पुष्कळ स्वस्त पडतो. त्यात शेकडो आवाज असतात हे खरे. पण ते सगळे वापरलेच पाहिजेत अशी सक्ती कोणी केली आहे? माझी सूचना एवढीच: असा एक प्रोसेसर घ्यावा आणि त्यात तीनच आवाज कायम करावेत. एक स्वच्छ, एक किंचित प्रतिध्वनीचा, एक जरा तिखट. ते घरी नव्हे, भर आवाजात ढोलाबरोबर वाजवून ठरवावेत. कारण खोलीत गोड वाटलेला आवाज रस्त्यावर हरवतो. प्रोसेसर बंद पडला तर बेंजो थेट मिक्सरला जोडून पुढचे गाणे सुरू करता यावे, एवढा सरावही हवा. उरलेल्या पैशातून तारांचा जादा संच आणि दोन चांगल्या केबली घ्याव्यात, आणि बाकीची रक्कम ज्याची त्याला वाटून द्यावी. कोणाची परीक्षा फी असते, कोणाच्या घरचे किराणा दुकानदाराचे देणे असते.

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण इतरांना सहज ऐकवतो. मोठ्या शहरातील पार्ट्यांपुढे आपण फिके पडतो ते यंत्रांअभावी, असे म्हणणे सोपे आहे. मनमाडपासून नायडोंगरीपर्यंत सुपाऱ्या मिळवायच्या, तर आधी सहा जणांची लय एक झाली पाहिजे. तिला पैसा लागत नाही. रोजची दोन तासांची तालीम लागते. ती आजपासून सुरू करू या. पुढच्या हंगामात आपल्या गाण्यांना चौथा आवाज खरोखरच हवा आहे असे सर्वांना वाटले, तर वर्गणीतला पहिला रुपया माझा असेल!