मधुमेह आणि डोळ्याचा पडदा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या मधुमेहविषयक देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा गोव्याच्या वाट्याला एक नकोसा पहिला क्रमांक आला. प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के! म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून अधिक मधुमेही. या आकड्यावरून आपल्या आहाराची आणि बैठ्या राहणीची चर्चा झाली, ती योग्यच होती. परंतु या आकड्याचा आपल्या दृष्टीशी काय संबंध आहे, हे घरोघरी अजून उमगलेले दिसत नाही.

मधुमेहाने दृष्टिपटलातील, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातील, सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात. काही बुजतात, आणि मग तेथे नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात. हे सारे चालू असता रोग्याला वेदना होत नाही आणि कित्येक वर्षे स्वच्छ दिसत असते. जेव्हा दिसेनासे होते, तेव्हा तो चष्म्याचा नंबर बदलला किंवा मोतीबिंदू पिकला असे समजून स्वस्थ बसतो. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत येते. पडद्याची हानी बहुधा भरून निघत नाही. म्हणून येथे दिसण्याची तक्रार होण्याआधीच पाहणे अगत्याचे ठरते.

जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ पाहता येतो हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये आपल्या उपकरणाने दाखवून दिले. १९६१ मध्ये हाताच्या शिरेत फ्लुरेसीन नावाचे रंगद्रव्य टोचून पडद्यातील रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घेण्याची रीत प्रसिद्ध झाली. ती आजही उपयोगी आहे. पण तिने काहींना मळमळ होते आणि क्वचित गंभीर प्रतिक्रियाही येते. खरा पालट घडवला तो १९९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे हुआंग, फुजिमोटो, स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या ओसीटी तंत्राने. डोळ्यात सोडलेला अवरक्त प्रकाश कोणत्या थरावरून किती उशिराने परततो हे मोजून हे यंत्र पडद्याचा उभा छेद चित्रित करते. जेमतेम पाव मिलिमीटर जाडीच्या त्या पडद्याचे थर वेगवेगळे दिसतात, कोठे सूज आहे तेही कळते, आणि डोळ्याला स्पर्शदेखील होत नाही. या तिघांना २०२३ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढे याच तंत्रातून, रंगद्रव्य न टोचता, वाहत्या रक्ताच्या हालचालीवरून वाहिन्यांचा नकाशा काढणे साधले. पडद्याच्या मागील रंजितपटल दीर्घकाळ या यंत्रालाही नीट दिसत नसे. गेल्या दीड-दोन दशकांत तेही दिसू लागले. मात्र वाहिनीतून होणारी गळती या नकाशात दिसत नाही, म्हणून जुनी तपासणी अद्याप निवृत्त झालेली नाही. यंत्र नवे म्हणून प्रत्येक रोग्याला ते लावलेच पाहिजे असेही नाही. चाचण्यांच्या पावत्यांनी वाकलेल्या रोग्याला तेवढा विवेक मिळायला हवा.

वार्षिक चाळणीसाठी तर एवढी महाग यंत्रसामग्रीही लागत नाही. पडद्याचे रंगीत छायाचित्र घेणारा कॅमेरा प्रशिक्षित तंत्रज्ञ चालवू शकतो, आणि छायाचित्र दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवता येते. तज्ज्ञाविना निदान सांगणाऱ्या संगणकप्रणालीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१८ मध्ये मान्यताही दिली. ब्रिटनमध्ये मधुमेह्यांच्या डोळ्यांची वार्षिक छायाचित्रे घेण्याचा सार्वत्रिक कार्यक्रम या शतकाच्या आरंभी सुरू झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात असे आढळले की, कामकरी वयातील अंधत्वाच्या कारणांत मधुमेहाने होणारा पडद्याचा विकार इंग्लंड-वेल्समध्ये किमान पाच दशकांत प्रथमच अग्रस्थानी उरला नव्हता.

गोवा हे लहान राज्य. जे विस्तीर्ण राज्यांना अवघड, ते येथे साध्य व्हावे. पण काणकोणच्या किंवा सत्तरीच्या कष्टकऱ्याने एक दिवसाचा रोज बुडवून, तक्रार नसताना, पणजी-मडगावला डोळे दाखवायला जावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. ज्या आरोग्यकेंद्रात तो साखर तपासायला येतो, तेथेच त्याच दिवशी त्याच्या पडद्याचे छायाचित्र निघाले पाहिजे. कॅमेरे घेणे हा त्यातला सोपा भाग. उद्घाटनाचा नारळ फुटल्यावर तो चालवणारा माणूस, छायाचित्र वाचणारा तज्ज्ञ आणि दोष आढळलेल्याला लेझर वा डोळ्यातील इंजेक्शनांपर्यंत नेणारी व्यवस्था आहे काय, हे विचारले पाहिजे. ही इंजेक्शने एकदा घेऊन भागत नाही. महिनोन्महिने घ्यावी लागतात, आणि खर्चाला भिऊन मध्येच उपचार सोडणाऱ्याच्या हाती नुसते छायाचित्र उरते. तेव्हा अर्थसंकल्पात कॅमेऱ्याच्या जोडीला या औषधांची तरतूद हवी, आणि मधुमेह्याच्या कार्डावर साखरेच्या आकड्याशेजारी पडद्याच्या तपासणीची तारीखही हवी.