वाळवंट रिकामं आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

डिसेंबर लागला की माझ्या फोनवर एकच तंबू दिसायला लागतो. पांढरा, टोकदार, आत डबल बेड, मागे वाळूची टेकडी, पुढे शेकोटी. वर कुठलं तरी अरबी वाटणारं संगीत, खाली ओळ: 'मिडल ऑफ नोव्हेअर'. हे 'नोव्हेअर' बहुतेक वेळा जैसलमेरपासून ४० किलोमीटरवरचं सम नावाचं गाव असतं. त्याला नाव आहे, शाळा आहे, बकऱ्या आहेत. डांबरी रस्ता तर आहेच, त्याशिवाय तुमचा डबल बेड आला कुठून?

त्या रस्त्याच्या कडेने तंबूंच्या ओळीच्या ओळी लागलेल्या असतात. संध्याकाळी जीपा टेकड्या खरवडून काढतात, आठनंतर प्रत्येक कॅम्पचा स्पीकर शेजारच्या कॅम्पच्या स्पीकरशी भांडतो. हवा इतकी कोरडी की आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसावी, पण बफेवर हॅलोजन लावलेला. मी पाहिलेल्या एका कॅम्पमध्ये आमच्या नाशिक-पुण्याकडचाच ग्रुप 'झिंगाट'वर नाचत होता. गाण्याबद्दल तक्रार नाही, मीही नाचते. पण त्यासाठी नाशिकचा लॉन पुरला असता.

डीजे हा मात्र माझा मुख्य मुद्दा नाही. डीजे हा परिणाम आहे. मूळ रोग म्हणजे तिथे कुणी नाही, काही नाही, म्हणून काहीही चालतं, हा समज.

थर हे जगातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. आणि रीलमध्ये दिसणाऱ्या त्या सोनेरी टेकड्या म्हणजे अख्खा जैसलमेर जिल्हा नव्हे. बरीच जमीन खडकाळ आहे, बरीच गवताची. सेवण नावाचं गवत तिथे उगवतं, त्यावर गायी-मेंढ्या जगतात. गावांनी देवाच्या नावाने राखलेली कुरणं आहेत, त्यांना ओरण म्हणतात. आपली देवराई म्हणा. तिथलं झाड तोडायचं नाही हा गावाचा नियम. सरकारी कागदावर यातली बरीच जमीन पडीक म्हणून लागलेली आहे, आणि पडीक जमीन सौर प्रकल्पाला देताना कुणाला विचारावं लागत नाही. त्यासाठी तिथली माणसं मोर्चे काढतायत, आणि आपण त्याच जमिनीच्या फोटोखाली 'नोव्हेअर' लिहितोय. दोन्हींची भाषा एकच आहे.

माळढोक घ्या. देशात दीडशेच्या आत उरलेला हा पक्षी बहुतांशी याच भागात आहे. विजेच्या तारांना धडकून तो मरतो, म्हणून २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. २०२४मध्ये तो आदेश सैल झाला. २०१९पासून माळढोकाची अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र चालू आहे, कुठे? समलाच. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, आज तिथे एखादा दिसला तर बातमी होते. आपण आपल्या माळरानाला 'पडीक' म्हणत आलो, त्याचं हे फळ. आता तोच शब्द घेऊन आपण थरमध्ये मुक्कामाला जातो.

मुक्काम म्हटलं खरं, पण कॅम्पिंग आणि मुक्काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी माणसाला वाळवंट म्हटल्यावर आधी काय आठवतं? चंद्रभागेचं. महाराष्ट्रात त्याहून गजबजलेली जागा नसेल. (वारीनंतर त्याची काय अवस्था होते हे पंढरपूरकरांना विचारा, मी काही भाबडी नाही.) पण दिंडी जिथे मुक्काम करते तिथे पहिला प्रश्न असतो की पाणी कुठलं, जेवण कुणाकडे. म्हणजे तिथे आधीपासून कुणी तरी राहतं, हे धरलेलं असतं. कॅम्पिंगच्या पॅकेजमध्ये हा प्रश्नच येत नाही. शॉवर सुरू केला की पाणी येतं, विषय संपला.

जैसलमेरला वर्षाला २०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. तेवढ्यावर लोकांनी खडीन केले: खडकाळ उतारावरून वाहून येणारं पाणी खोलगट जमिनीत बांध घालून अडवायचं, ते जिरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. काही गावांत वाळूखाली अडकलेला पावसाचा ओलावा झिरपून गोळा व्हावा म्हणून अरुंद, खोल विहिरी आहेत. अनुपम मिश्रांनी 'राजस्थान की रजत बूंदें'मध्ये यावर सविस्तर लिहिलंय, हिंदी सोपं आहे, वाचा.

खुरीच्या बाजूला मी एका घरी राहिले. अंघोळीला अर्धी बादली, आणि ते पाणी पुढे एका झाडाला. घरातल्या दादीसांनी विचारलं, "तुमच्याकडे पाऊस किती?" मी बीडची. म्हटलं, सहा-सातशे मिलिमीटर होतो, पण उन्हाळ्यात टँकर येतो. त्यांना वाटलं मला हिंदी नीट येत नाही. त्यांनी मुलाकडून पुन्हा विचारून घेतलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: कॅम्पमुळे लोकांना रोजगार मिळतो. मिळतो, आणि तो बुडावा असं मी म्हणत नाही. पण कसला, तेही बघा. मांगणियार गायक पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या घरी जन्माची, लग्नाची गाणी म्हणत आले, त्यांच्या वंशावळी तोंडपाठ ठेवत आले. हमीरा गावच्या साकर खान यांना कमायचा या वाद्यासाठी २०१२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या परंपरेतला माणूस कॅम्पमध्ये बफे मांडेपर्यंतची वीस मिनिटं भरून काढतो आणि मग त्याला उठवून डीजे लावतात. कालबेलियांच्या नृत्याची २०१०मध्ये युनेस्कोने नोंद घेतली. इथे त्या बायकांना फिल्मी गाण्यावर गिरक्या घ्यायला लावतात, आणि मोबाइल धरलेले काका त्यांच्याभोवती नाचतात. देशात २०१२ साली ४ लाख उंट होते, २०१९मध्ये २.५ लाख उरले. आणि कॅम्पवाला तुम्हाला आधी विकतो ती जीप. मागणी आपली आहे, त्यामुळे रोजगाराचा आकारही आपणच ठरवतोय.

"मग आम्ही स्वतःचा तंबू घेऊन आत जातो," असं म्हणणारे शूर वेगळे. ते टेकडीमागे तंबू ठोकतात तेव्हा ती कुणाची तरी चराई असते. सीमेकडच्या काही भागांत परवानगी लागते. शिवाय आपल्या कोकणातलं फुरसं तिथेही आहे, आणि ते रात्रीच फिरतं. गावात कुणाला तरी विचारा, अंगणात खाट मिळेल. डिसेंबरात मात्र गोधडी मागून घ्या, वाळू रात्री बर्फासारखी होते.

ज्यांना कॅम्पच हवाय त्यांनी निदान बुकिंगच्या फोनवर चार प्रश्न विचारावेत. पाणी कुठून आणता, कचरा कुठे टाकता, गायकांना किती देता आणि ते किती वेळ गातात, रात्री दहानंतर स्पीकर-दिवे बंद करता का. शंभरातल्या दहा जणांनी विचारलं तरी ते रेटकार्डावर येईल. डीजे असाच आला होता.

या नोव्हेंबरमध्ये मी सहा ठिकाणी फोन केले. दोघांनी ठेवूनच दिला. एकाने गायकांचा आकडा सांगितला, चांगला होता, त्याचा नंबर मी मैत्रिणींना दिलाय. शेवटच्याला विचारलं, रात्री लाइट बंद करता का? तो मला समजावत म्हणाला, "मॅडम, बिलकुल चिंता मत कीजिए, लाइट नहीं जाएगी. जनरेटर है."