कमानी टिकल्या, कठडा तुटला : कोल्हापूरच्या शिवाजी पुलाशेजारचा नवा पूल का रखडला होता?

कोल्हापूर : २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी मिनीबस शिवाजी पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. १३ जणांचा जीव गेला. तेव्हा शेजारीच पर्यायी पूल अर्धवट उभा होता. त्याचं काम पैशांअभावी नाही, तर कायद्यामुळे थांबलं होतं.

पूल कधीचा?
संस्थानकाळात, १८७४ ते १८७८ दरम्यान हा दगडी कमानींचा पूल बांधला गेला. पन्हाळा, जोतिबा आणि पुढे आंबा घाटातून रत्नागिरीकडे जाणारी वाहतूक याच पुलावरून. बैलगाडीच्या काळातल्या रुंदीवर पुढे एसटी, ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या आल्या.

इतका जुना पूल टिकतो कसा?
दगडी कमानीत लोखंडी सळई नसते, त्यामुळे ती गंजण्याचा प्रश्नच नाही. वरचं वजन दगड एकमेकांवर दाबत खांबांकडे नेतात आणि दाब सोसण्यात दगड पक्का. खरा धोका खाली असतो. पुराचं पाणी पायाजवळची माती खरवडून नेतं आणि वरून धडधाकट दिसणारा खांब खचू शकतो. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळून दोन एसटी बस वाहून गेल्या, तेव्हापासून राज्यातल्या अशा सगळ्याच पुलांबद्दल धास्ती वाढली.

पण कोल्हापुरात कमानी जागेवरच राहिल्या. तुटला तो कठडा. पूल वजन पेलतो का, हा एक प्रश्न. धडकलेलं वाहन कठडा अडवू शकतो का, हा दुसरा. जुन्या पुलांच्या चर्चेत हा दुसरा प्रश्न नेहमीच मागे पडतो.

कायदा आडवा कसा आला?
पुलालगत ब्रह्मपुरी टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या उत्खननात इथे सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष सापडले. ही जागा केंद्र संरक्षित आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली आणि संरक्षित जागेपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला, अगदी सार्वजनिक कामालाही, बंदी आली. पर्यायी पूल नेमका याच कचाट्यात सापडला. म्हणजे संरक्षण होतं टेकडीला, पण अडला पूल.

सार्वजनिक कामांना सूट देणारं दुरुस्ती विधेयक लोकसभेने २ जानेवारी २०१८ ला मंजूर केलं. २४ दिवसांनी मिनीबस नदीत पडली. जुलैमध्ये राज्यसभेने ते प्रवर समितीकडे धाडलं. इकडे आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन काम पुढे रेटता येईल का, इथपर्यंत चर्चा गेली होती.

आता काय?
पर्यायी पूल २०१९ मध्ये वाहतुकीला खुला झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. जुना पूल आजही उभा आहे. त्याच्यावरचा भार हलका झाला असला, तरी पुराचं पाणी पायथ्याला तसंच घासतं. त्यामुळे पूर ओसरल्यावर पाण्याखालच्या पायाची तपासणी आजही तितकीच गरजेची आहे.